आयन इंजिनाला खरी उणीव विजेची
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अंतराळयानांच्या आयन इंजिनांविषयी, म्हणजे विजेच्या बळावर भारित अणू (आयन) मागे फेकून यान पुढे ढकलणाऱ्या इंजिनांविषयी, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून सहा प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. काही ठिकाणी थोडे गणित आले आहे. शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडचे त्यात काही नाही, आणि त्याच्याशिवाय या विषयाचा गाभा हाती लागत नाही, म्हणून वाचकांनी ते ओलांडून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे.

प्रश्न : आयन इंजिनाचा रेटा जेमतेम काही ग्रॅम वजनाइतका असतो असे वाचले. एवढ्याशा बळावर टनभर वजनाचे यान लघुग्रहांपर्यंत कसे पोहोचते? (एक शिक्षिका, नाशिक)

आपण वाचलेले खरे आहे. नासाच्या ‘डॉन’ यानाचे इंजिन पूर्ण शक्तीने चालत असताना सुमारे ९१ मिलिन्यूटन रेटा देत असे. १९९० च्या दशकातले ५ रुपयांचे जाड नाणे तळहातावर ठेवले तर जेवढा भार पडतो, साधारण तेवढाच हा रेटा. उड्डाणाच्या वेळी यानाचे वस्तुमान १,२१८ किलोग्रॅम होते, त्यामुळे इंजिन दिवसभर अखंड चालवले तरी वेगात ताशी जेमतेम २३ किलोमीटरची भर पडत असे. पण अंतराळात हवेचा विरोध नसतो, आणि हे इंजिन काही मिनिटांत इंधन संपवून विझत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये निघालेल्या ‘डॉन’ने आपल्या मोहिमेत सर्व मिळून जवळपास सहा वर्षे इंजिन चालवले आणि स्वतःच्या वेगात सेकंदाला सुमारे ११.५ किलोमीटर इतका बदल घडवून आणला. २०११ मध्ये ते वेस्टा या लघुग्रहाभोवती कक्षेत शिरले, वर्षभराने तेथून बाहेर पडले आणि मार्च २०१५ मध्ये सिरीस या बटुग्रहाभोवती फिरू लागले. पृथ्वीबाहेरच्या दोन वेगवेगळ्या पिंडांची कक्षा गाठणारे ते पहिले यान होते.

रासायनिक इंजिनाने हे का जमले नसते, याचे उत्तर कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात आहे. यानाच्या वेगात किती बदल घडवता येईल हे दोन गोष्टींवर ठरते : द्रव्य किती वेगाने मागे फेकले जाते, आणि आरंभीच्या वस्तुमानाचे अखेरच्या वस्तुमानाशी गुणोत्तर किती आहे. मात्र वेगात हवा असलेला बदल वाढत गेला की हे गुणोत्तर घातांकी रीतीने वाढते. दीर्घ मोहिमांत वापरली जाणारी, साठवता येण्याजोगी रासायनिक इंधने सेकंदाला सुमारे ३.१ किलोमीटर वेगाने वायू बाहेर टाकतात. त्या वेगावर ११.५ किलोमीटरचा बदल हवा असेल तर आरंभीचे वस्तुमान अखेरच्या वस्तुमानाच्या ४० पट असावे लागते. ‘डॉन’च्या इंजिनातून झेनॉनचे आयन सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने बाहेर पडत असल्यामुळे ४२५ किलोग्रॅम झेनॉनवर काम भागले.

हा वेग येतो विजेतून. इंजिनाच्या कोठीत इलेक्ट्रॉनांचा मारा करून झेनॉनच्या अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढून टाकला जातो. असे धनभारित झालेले आयन हजारो बारीक छिद्रे असलेल्या, एकमेकींपासून मिलिमीटरभरही लांब नसलेल्या दोन धातूच्या जाळ्यांकडे सरकतात. त्या जाळ्यांमधील हजारभर व्होल्टचे विभवांतर त्यांना ओढून बाहेर फेकते. यानावर उलट भार साचून तेच आयन परत ओढले जाऊ नयेत, यासाठी बाहेर बसवलेला एक वेगळा कॅथोड तितकेच इलेक्ट्रॉन झोतात सोडत राहतो. या पद्धतीचे पहिले यशस्वी इंजिन हॅरॉल्ड कॉफमन यांनी नासाच्या क्लीव्हलंड येथील प्रयोगशाळेत १९५९ च्या सुमारास तयार केले, आणि जुलै १९६४ मध्ये ‘सर्ट-१’ या चाचणीयानावर ते अंतराळात ३१ मिनिटे चालले.

प्रश्न : मग हेच इंजिन वापरून जमिनीवरून उड्डाण का करत नाहीत? (इयत्ता नववीतील विद्यार्थी, लातूर)

एक टन वजन पृथ्वीवर नुसते अधांतरी तोलून धरायला सुमारे ९,८०० न्यूटन रेटा लागतो. सेकंदाला ३० किलोमीटर वेगाच्या झोतातून एवढा रेटा मिळवायचा तर केवळ झोतातच सुमारे १४७ मेगावॉट शक्ती ओतावी लागेल. एवढी वीज पुरवणारे केंद्र एका टनात मावत नाही. शिवाय हे इंजिन निर्वातातच चालते, कारण हवेत आयनांची लगेच टक्कर होते. त्यामुळे जमिनीवरून उचलण्याचे काम रासायनिक अग्निबाणाचेच आहे.

प्रश्न : प्लाझ्मा इंजिनाने माणूस ३९ दिवसांत मंगळावर पोहोचेल, असे अनेक वर्षांपासून ऐकतो आहोत. उत्सर्गाचा वेग इतका वाढवता येत असेल, तर अडचण कोठे आहे? (एक निवृत्त अभियंता, पुणे)

अडचण इंजिनात फारशी नाही. वीज पुरवणाऱ्या यंत्रणेच्या वजनात ती आहे, आणि अंतराळप्रवासावर होणाऱ्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते असे आम्हांला वाटते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देत आहोत.

आधी रेटा आणि वीज यांचे नाते पाहू. रेटा द्रव्याच्या संवेगातून मिळतो आणि संवेग वेगाच्या समप्रमाणात असतो, परंतु त्यासाठी मोजावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याचा परिणाम असा की, ठरावीक विजेतून मिळणारा रेटा उत्सर्गाच्या, म्हणजे मागे फेकल्या जाणाऱ्या झोताच्या, वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो : वेग दुप्पट केला की तेवढ्याच विजेत रेटा निम्मा होतो. सेकंदाला ३० किलोमीटर वेगावर १ किलोवॉटमधून, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, ६७ मिलिन्यूटनपेक्षा अधिक रेटा मिळू शकत नाही. ‘डॉन’च्या इंजिनात प्रत्यक्षात सुमारे ४० मिलिन्यूटन मिळत होता, म्हणजे कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास होती. राहिलेल्या ४० टक्क्यांत कितीही सुधारणा केली तरी रेटा दुपटीवर जाणार नाही हे येथेच स्पष्ट होते.

उत्सर्गाचा वेग वाढवणे ही गोष्ट तंत्रज्ञांच्या आवाक्याबाहेरची नाही. युरोपीय अंतराळ संस्था आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी यांनी दोनऐवजी चार जाळ्या वापरून, सेकंदाला २१० किलोमीटर वेगाचा झोत प्रयोगशाळेत मिळवल्याचे २००६ मध्ये जाहीर केले होते. पण त्या वेगावर तेवढाच रेटा हवा असेल तर ‘डॉन’च्या सातपट वीज लागेल. झेनॉनची बचत होईल, वीजयंत्रणेचे वजन मात्र त्याहून अधिक वाढेल. म्हणजे प्रत्येक मोहिमेसाठी एक योग्य वेग असतो. त्याहून कमी वेगावर प्रणोदकाचे, म्हणजे मागे फेकायच्या द्रव्याचे, वजन फार होते आणि त्याहून अधिक वेगावर वीजयंत्रणेचे.

हा योग्य वेग साधारणपणे काढता येतो. मोहिमेतील इंजिन चालण्याचा काळ सेकंदांत घ्यावा, त्याची दुप्पट करून कार्यक्षमतेने गुणावे, १ वॉट विजेमागे यंत्रणेचे जितके किलोग्रॅम वजन पडते त्या आकड्याने भागावे आणि आलेल्या उत्तराचे वर्गमूळ काढावे. समजा यंत्रणेचे वजन प्रति किलोवॉट २० किलोग्रॅम आहे, कार्यक्षमता ६० टक्के आहे आणि इंजिन वर्षभर चालणार आहे. तर सेकंदाला सुमारे ४३ किलोमीटर हा वेग योग्य ठरतो. तेच काम तीन महिन्यांत उरकायचे म्हटले तर योग्य वेग निम्म्यावर, सुमारे २२ किलोमीटरवर येतो. म्हणजेच घाई जितकी अधिक, तितका आयन इंजिनाच्या उच्च वेगाचा लाभ कमी.

आता ३९ दिवसांकडे येऊ. हा आकडा माजी अंतराळवीर फ्रँकलिन चांग-डियाझ यांच्या ‘वासिमिर’ या इंजिनाच्या संदर्भात मांडला गेला. या इंजिनात रेडिओलहरींनी तापवलेला प्लाझ्मा (आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांचा वायू) चुंबकीय क्षेत्राने बांधून बाहेर सोडला जातो. त्याच्या २०० किलोवॉटच्या नमुन्याने २००९ मध्ये निर्वात कोठीत पूर्ण शक्ती गाठली, आणि ते काम मोलाचे आहे. परंतु ३९ दिवसांच्या त्या आराखड्यात २०० मेगावॉट वीज देणारी, वजनाने अतिशय हलकी अणुभट्टी गृहीत धरलेली आहे. वर दिलेल्या रीतीने, ३९ दिवसांच्या प्रवासासाठी सेकंदाला ५० किलोमीटर हा वेग योग्य ठरावा असे वाटत असेल, तर वीजयंत्रणेचे वजन प्रति किलोवॉट सुमारे १.६ किलोग्रॅम असायला हवे. अमेरिकेत नेवाडा येथे मार्च २०१८ मध्ये ज्या लहान अंतराळ-अणुभट्टीची चाचणी झाली, तिच्या मालिकेतील १० किलोवॉटच्या आराखड्याचे वजन सुमारे दीड टन आहे, म्हणजे प्रति किलोवॉट १५० किलोग्रॅम. हा आकडा आपल्या सूत्रात घातला तर ३९ दिवसांसाठी योग्य वेग सेकंदाला जेमतेम ५ किलोमीटर येतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणारे साधे इंजिन साडेचार किलोमीटर देतेच!

मोठ्या अणुभट्टीत प्रति किलोवॉट वजन कमी होते हे खरे. तरीही भट्टीतील जी उष्णता विजेत बदलत नाही ती अंतराळात प्रारणाने बाहेर टाकण्यावाचून इलाज नसतो, कारण तेथे वाहून नेणारी हवा किंवा पाणी नाही, आणि त्यासाठी लागणारे विस्तीर्ण पृष्ठभाग वजनात मोठी भर घालतात. ते लहान करायचे तर अधिक तप्त ठेवावे लागतात, आणि तसे केले की उष्णतेचे विजेत रूपांतर कमी प्रमाणात होते. हा तिढा धातू आणि उष्णता-अभियांत्रिकीच्या क्षेत्रातला आहे. अमेरिकेने एप्रिल १९६५ मध्ये ‘स्नॅप-१०ए’ ही सुमारे अर्धा किलोवॉटची अणुभट्टी कक्षेत पाठवली होती आणि तिच्यासोबत एक छोटे आयन इंजिनही होते. भट्टी ४३ दिवस चालली. त्यानंतर गुरूच्या उपग्रहांकडे अणुभट्टी आणि आयन इंजिने असलेले मोठे यान पाठवण्याची नासाची योजना २००५ मध्ये गुंडाळण्यात आली.

सूर्यप्रकाशावर विसंबायचे तर अंतराचा नियम आड येतो. गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीपाशी असतो त्याच्या सत्ताविसाव्या भागाइतकाच उरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या ‘सायकी’ यानाचे सौर पट्ट पृथ्वीजवळ २० किलोवॉटच्या आसपास वीज देतात, पण सायकी या लघुग्रहापाशी पोहोचल्यावर त्यातून दोन ते साडेतीन किलोवॉटच मिळणार आहेत. त्यामुळे नव्या इंजिनाची बातमी वाचताना, त्याला वीज कोण देणार आणि त्या वीजयंत्रणेचे प्रति किलोवॉट वजन किती, हे दोन प्रश्न आपण अवश्य विचारावेत.

प्रश्न : सगळीकडे झेनॉनच का? हायड्रोजनसारखा हलका वायू अधिक वेगाने जाणार नाही का? (भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तेवढ्याच विभवांतरात हलका आयन अधिक वेगाने जाईल हे बरोबर आहे, परंतु वेग हवा तेवढा मिळवता येतो आणि फार वेग परवडत नाही, हे वरच्या उत्तरात आलेच आहे. दुसरीकडे, प्रत्येक अणूचे आयनीभवन करण्यासाठी काही ऊर्जा खर्ची पडते आणि तिचा रेट्याला काहीही उपयोग नसतो. अणू जड असला की एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या कमी, आणि म्हणून हा वाया जाणारा खर्चही कमी. झेनॉनचा अणुभार १३१ आहे, त्याचा इलेक्ट्रॉन काढायला केवळ १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तो कोणत्याही धातूला खात नाही आणि दाबाखाली लहान टाकीत भरपूर मावतो. सुरुवातीची इंजिने पारा आणि सीझियमवर चालत. पारा विषारी आणि सीझियम अत्यंत क्रियाशील असल्याने ते दोन्ही मागे पडले.

झेनॉनचा दोष म्हणजे त्याची दुर्मीळता. हवेच्या एक कोटी कणांमागे त्याचा जेमतेम एक कण असतो, त्यामुळे तो महाग पडतो. ‘स्टारलिंक’चे हजारो उपग्रह म्हणूनच आधी क्रिप्टॉनवर आणि नंतर अर्गॉनवर चालवण्यात आले. अर्गॉन हवेत जवळपास १ टक्का आहे. त्याची कार्यक्षमता कमी असली तरी एवढ्या संख्येत किंमत निर्णायक ठरते. आयोडीनचाही पर्याय आहे. त्याचा अणुभार झेनॉनच्या जवळ जातो आणि ते घनरूपात, दाबाच्या टाकीशिवाय साठवता येते. ‘थ्रस्टमी’ या फ्रेंच कंपनीचे आयोडीनवरील इंजिन २०२० मध्ये एका छोट्या चिनी उपग्रहावर यशस्वी झाले. मात्र आयोडीन धातू गंजवते, म्हणून यानाचे भाग त्यापासून जपावे लागतात.

प्रश्न : सहा-सहा वर्षे चालणारे इंजिन झिजत कसे नाही? वाटेत बिघडले तर काय? (एक वाचक, डोंबिवली)

ते झिजते, आणि त्याची झीज हा या क्षेत्रातील संशोधनाचा वर्षानुवर्षांचा विषय आहे. काही वेगवान आयन वाटेत संथ, भाररहित अणूंकडून इलेक्ट्रॉन उचलतात. त्यामुळे मागे राहिलेला संथ आयन झोतासोबत बाहेर न जाता ऋणभारित जाळीवर जाऊन आपटतो आणि तिचे कण उडवतो. जाळीची छिद्रे याप्रमाणे रुंदावत गेली की अखेरीस बाहेरचे इलेक्ट्रॉन उलटे आत शिरू लागतात आणि इंजिन निकामी होते. ही झीज संगणकावर पूर्णपणे वर्तवता येत नाही, तिच्यासाठी खरेखुरे तास मोजावे लागतात. ‘डीप स्पेस-१’ या १९९८ च्या यानाचे राखीव इंजिन कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत ३०,३५२ तास चालवून पाहिले गेले. त्यानंतरच्या ‘नेक्स्ट’ इंजिनाने ४८,००० तासांचा, म्हणजे साडेपाच वर्षांचा टप्पा २०१३ पर्यंत ओलांडला होता. निर्वात कोठीजवळ वर्षानुवर्षे पाळी राखणाऱ्या तंत्रज्ञांचे हे काम प्रसिद्धीपासून दूर राहते, पण ‘डॉन’सारखी मोहीम त्यांच्याच नोंदींवर उभी असते.

सोव्हिएत संघात अलेक्सेई मोरोझोव्ह यांच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांच्या इंजिनात जाळ्याच नाहीत. वलयाकृती खाचेत चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना गोल फिरवत अडकवून ठेवते, आणि तेथे निर्माण होणारे विद्युत क्षेत्र आयनांना बाहेर लोटते. त्यांना हॉल थ्रस्टर म्हणतात, आणि १९७१ मध्ये पाठवलेल्या एका ‘मेटेओर’ हवामान उपग्रहावर ते पहिल्यांदा गेले. उत्सर्गाचा वेग त्यांत कमी, साधारण १५ ते २० किलोमीटर असतो, म्हणून तेवढ्याच विजेत रेटा अधिक मिळतो. त्यांच्या खाचेच्या भिंतीही झिजतात. अलीकडे चुंबकीय रेषा भिंतीला समांतर वाकवून ही झीज कितीतरी कमी करण्यात यश आले आहे.

वाटेत बिघडले तर काय, याचे सर्वोत्तम उदाहरण जपानचे ‘हायाबुसा’ आहे. २००३ मध्ये निघालेले हे यान २००५ मध्ये इतोकावा या लघुग्रहापाशी पोहोचले. परतीच्या वाटेवर, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्याच्या चार आयन इंजिनांपैकी एकही एकट्याने उपयोगी पडेल अशा स्थितीत राहिले नव्हते. मात्र एका इंजिनाचा आयन-स्रोत चांगला होता आणि दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग चांगला होता. रचनाकारांनी या दोहोंना जोडू शकणारी एक साधी विद्युत-वाट आधीच मंडलात ठेवलेली होती. तिच्या आधारे दोन अर्ध्या इंजिनांचे एक इंजिन करण्यात आले आणि १३ जून २०१० रोजी ‘हायाबुसा’ची कुपी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे उतरली. लघुग्रहाचे कण पृथ्वीवर आणणारी ती पहिली मोहीम होती. ती एक जादा वाट मंडलात कोणी आधीच ठेवली नसती तर हे घडले नसते, आणि अभियंत्यांच्या दूरदृष्टीचे याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी आठवत नाही.

प्रश्न : भारताची या क्षेत्रात कोठपर्यंत मजल गेली आहे? (अनेक वाचक)

सुरुवात दुर्दैवी होती. विद्युत थ्रस्टर बसवलेला ‘जीसॅट-४’ एप्रिल २०१० मध्ये जीएसएलव्ही या अग्निबाणाचे उड्डाण अयशस्वी झाल्यामुळे गमावला गेला. पुढे ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या ‘जीसॅट-९’ या दक्षिण आशिया उपग्रहावर इस्रोने १८ मिलिन्यूटनचे प्लाझ्मा थ्रस्टर वापरले. ते उपग्रहाला त्याच्या जागी टिकवून ठेवण्यासाठी होते, उंच कक्षेत नेण्यासाठी नव्हे.

कक्षा वाढवण्यासाठी अधिक बळ लागते. त्यासाठी इस्रोने ३०० मिलिन्यूटनचा हॉल पद्धतीचा थ्रस्टर तयार केला, आणि पूर्ण ५.४ किलोवॉट शक्तीवर त्याची १,००० तासांची चाचणी पार पडल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. तो ‘टीडीएस-१’ या तंत्रज्ञान-चाचणी उपग्रहासाठी आहे. १ किलोवॉटमागे सुमारे ५५ मिलिन्यूटन असा हा हिशेब पडतो. ‘डॉन’पेक्षा तो अधिक आहे, कारण उत्सर्गाचा वेग कमी ठेवलेला आहे, आणि पृथ्वीभोवतीच्या कामासाठी तीच निवड योग्य आहे. दळणवळण उपग्रहाच्या उड्डाणवेळच्या वजनात एरवी निम्म्याच्या आसपास रासायनिक इंधनच असते. ते वाचले की तोच उपग्रह लहान अग्निबाणावर जाऊ शकतो, किंवा त्याच अग्निबाणावर अधिक उपकरणे नेता येतात. अवजड उपग्रहांसाठी परदेशी अग्निबाणांवर अवलंबून राहावे लागलेल्या आपल्या देशाला या गोष्टीचे मोल अधिक आहे.

त्याची किंमत वेळेत चुकवावी लागते. पूर्णपणे विद्युत थ्रस्टरवर चालणारे पहिले व्यापारी दळणवळण उपग्रह मार्च २०१५ मध्ये सोडले गेले, आणि त्यांना आपल्या कक्षेत पोहोचून कामाला लागायला सुमारे सहा महिने लागले. त्या काळात उपग्रह पृथ्वीभोवतालच्या प्रारणपट्ट्यांतून हळूहळू वर सरकतो आणि त्याच्या सौरघटांची काही क्षमता तेथेच खर्ची पडते. सहा महिने म्हणजे ४,३०० हून अधिक तास, आणि १,००० तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. कक्षा गाठल्यावर पुढची दहा-पंधरा वर्षे जागा टिकवण्याचे काम वेगळेच. त्यामुळे भारतीय थ्रस्टरला यापुढे याहून कितीतरी लांब चाचण्यांतून जावे लागणार आहे.